दोघींची काच

“फुटली तं फुटली भाऊ, पन तुकडे तं असतीन ना?” असं ती बाई म्हणाली, आणि जलालुद्दीनच्या हातातलं फडकं भिंगावरच थांबलं. पंचवीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ‘प्लेट फुटली’ हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. लग्नात कुणी पाहुणा हौसेनं कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला असतो. सहा महिन्यांनी तो कचेरीच्या कामाला चांद्याला येतो, जटपुरा दरवाज्याकडून जाताना ‘जलाल फोटो’ ही पाटी त्याला दिसते, आणि आलोच आहोत तर विचारू म्हणून आत डोकावतो. त्याला चेहरा पाडून सांगायचं, भाऊ, काचेची चीज, हातातून सटकली. पाहुणा दोनदा चुकचुकतो आणि पान खायला निघून जातो. फुटलेल्या वस्तूचा नाद सोडायचा असतो हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या बाईला मात्र ते ठाऊक नव्हतं. चाळिशी ओलांडलेली, हिरवं लुगडं नेसलेली, पायांवर नागभीडकडची पांढुरकी धूळ. खुर्ची दाखवली तरी ती जमिनीवरच बसली होती, आणि आता मान वर करून, तुकडे आणायला हा माणूस आत केव्हा जातो त्याची वाट पाहत होती.

आल्या आल्या तिनं सगळं सांगून टाकलं होतं. नाव भागीरथा. गेल्या वैशाखात नागभीडपलीकडे गुणवंतराव पाटलांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा ती आणि रंभा अशा दोघी आंब्याखाली उभ्या राहिल्या होत्या आणि ‘फोटूवाल्या भाऊनं’ त्यांचा फोटो काढला होता. रंभा म्हणजे तिची सवत. “पुसाच्या महिन्यात गेली जी ती. ताप भरला, अन् तीन दिवसात गेली. पोरगी चार महिन्याची हाये. तिले आपली माय कशी होती ते दाखवाले घरात काहीच नाई. म्या म्हनलं, फोटू हाये ना चांद्याले. म्हनून आली छोट्या रेलगाडीनं.” हे तिनं रडत सांगितलं नव्हतं. पोस्टात पडून राहिलेलं पत्र मागावं तसं सांगितलं होतं, आणि म्हणूनच असेल, जलालुद्दीनच्या तोंडून ते ठेवणीतलं वाक्य नेहमीपेक्षा जरा घाईनं बाहेर पडलं.

प्लेट फुटली नव्हती. प्लेट नव्हतीच. कॅमेऱ्याच्या पाठीशी जी लाकडी चौकट सरकवतात तिच्यात काचेची प्लेट असते. भिंगावरची टोपी काढली की उजेड त्या काचेवर पडतो, आणि काचेवर माणूस उमटतो. चौकट रिकामी असली तर उजेड नुसता लाकडावर पडतो. बाहेरून दोन्ही चौकटी सारख्याच दिसतात. भरलेली चौकट कानाशी हलवली तर आतली काच किंचित खडखडते, रिकामी मुकी असते, एवढाच फरक. आणि तो ऐकायला पाहुण्यांना कान नसतात, ते आपली टोपी नीट करण्यात गुंतलेले असतात. ह्या प्रकाराला जलालुद्दीन मनातल्या मनात ‘खाली मारणं’ म्हणे, खाली म्हणजे रिकामी. लढाईच्या वर्षांत त्याला ही सवय लागली. तेव्हा प्लेटी मिळेनाशा झाल्या होत्या. एका लाकूड ठेकेदाराच्या घरी सहा प्लेटी घेऊन गेला, आणि उभे राहायला चाळीस माणसं. नवरानवरी, मायबाप, व्याही झाले, सहा संपल्या. मग नवरीचा आतेमामा जरीचा फेटा बांधून समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, आता आमचा. प्लेट संपली म्हणावं तर मांडवात रुसवेफुगवे, मालकाची मान खाली. जलालुद्दीननं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि त्या अंधारात एक क्षण काय करावं ते त्याला सुचेना. बाहेर आला तेव्हा हातात रिकामी चौकट होती. हसा, हलू नका, एक, दोन, तीन. आतेमामा असा खूष झाला की त्यानं जलालुद्दीनला आपल्या हातानं लाडू भरवला. तो लाडू त्याला गोड लागला होता, हेही खरंच आहे.

लढाई संपली, प्लेटी पुन्हा मिळू लागल्या, पण सवय काही गेली नाही. त्यात पापही नाही असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. पाहुण्यांना फोटो थोडाच हवा असतो? फोटो यजमानाच्या भिंतीवर लागणार. पाहुण्याला हवं असतं ते उभं राहणं. आपल्याकडे कुणीतरी एवढं लक्ष देऊन बघतंय, आपल्यासाठी आकडे मोजतंय, हे. तेवढं तो देतच होता, आणि हात आखडून देत नव्हता. खऱ्या प्लेटीला तो तीन मोजायचा, रिकाम्या चौकटीला पाच. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. एकट्या हाजराला हे कळलं. हाजरा त्याची बायको; काळ्या खोलीत काढलेल्या प्लेटी औषधात धुण्याचं काम तिच्याकडे असे. एकदा अहेरीकडच्या लग्नाहून तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी जेवताना ऐटीत सांगू लागला, काल वीस फोटो केले, लोक सोडतच नव्हते. हाजरानं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “बीस? प्लेटां तो छेच धुई मैं.” तो हसला. मग सगळं सांगितलं, आतेमामाची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. तव्याकडे बघत म्हणाली, “वो लोगां दम रोक के खडे रहते ना, उनका वो खडा रहना किधर जाता जी?” भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

“तुकडे फेकून दिले असतील,” जलालुद्दीन म्हणाला.

“कुठी फेकले?”

“मागं. गल्लीत ढीग आहे काचेचा. पण आता काय सापडणार बाई, पाऊसपाण्यात…”

“पाऊस कुठी हाये आता? माघ लागला,” असं म्हणत ती उठली, आणि कुणी दाखवायच्या आत दुकानातून आरपार मागच्या दारानं गल्लीत गेली. तिथं किल्ल्याच्या भिंतीशी खरंच एक ढीग होता. वर्षानुवर्षांच्या तडकलेल्या, हललेल्या, वाया गेलेल्या प्लेटींचा. जलालुद्दीन दारात उभा राहिला. ती ढिगापाशी उकिडवी बसली, पदर खोचला, आणि एक एक तुकडा उचलून, धूळ पुसून, उन्हाकडे धरून बघू लागली. बघून झालेला तुकडा एका बाजूला, न बघितलेला दुसऱ्या बाजूला. तांदूळ निवडताना बायका करतात तसं. तिला काही घाई नव्हती. संध्याकाळची गाडी होती आणि ढीग तर समोरच होता.

“भाऊ, या समद्यायचे तोंडं काळे काऊन हायेत?” तिनं न वळता विचारलं.

“काचेवर उलटं उमटतं बाई. गोरं ते काळं दिसतं, आणि काळे केस पांढरे. कागदावर छापलं की सरळ होतं.”

“अस्सं,” ती म्हणाली, आणि पुढचा तुकडा उचलला. “म्हंजे रंभाचं तोंड काळं दिसन. बरं झालं सांगतलं. नाई तं म्या तिले फेकून देली असती.”

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. शब्दही तयार झाले होते: बाई, उठा, ह्या ढिगात तुमची रंभा नाही, कुठंच नाही. पण तेवढ्यात ती आपण होऊन बोलू लागली, ढिगाशी बोलावं तसं. घरधन्याचं नाव वारलू; तिला मूल होईना म्हणून त्यानं रंभाला आणली. सात वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीठ हवं असलं तर वारलूला सांगायचं, तो तिला सांगायचा. रोवणीला चिखलात एका ओळीत वाकायचं आणि दोघींनी दोन बाजूंनी बांधावर चढायचं. लग्नाला एका बैलगाडीतून गेल्या त्या पाठीला पाठ लावून. “मंग तुमी आमाले उभं केलं. म्हनले, दूर दूर काऊन उभ्या बाई, बहिनी-बहिनीसारख्या रहा. धाकटीनं मोठीच्या खांद्यावर हात ठेवा. ठेवा म्हनले, लाजू नका. तिनं ठेवला. मले वाटलं, आता फोटू झाला का काढून घेईन. तुमी पाचलोक आकडे मोजले. लय वेळ लागला तुमाले. तिचा हात कापून राह्यला होता जी. मले लुगड्यातून समजलं. तवा मले पह्यल्यांदा वाटलं, हे पोरगी मले भेते.” तिनं हातातला तुकडा बाजूला ठेवला. “परत येताना गाडीत ते माह्याकडं तोंड करून बसली.”

जलालुद्दीनला ते सगळं लख्ख आठवलं, आणि आठवायला नको होतं असं वाटलं. दुपारची वेळ, पंगती उठलेल्या, आंब्याखाली उष्ट्या पत्रावळींचा ढीग आणि त्यात तोंड घालणारी गुरं. त्याला जेवायची घाई होती. ह्या दोघी कुणाच्या कोण हे त्यानं विचारलंही नव्हतं. कुणीतरी पुढं ढकललं म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या आणि कुणीतरी ढकललं म्हणून त्यानं टोपी काढली होती. ते ‘बहिणी-बहिणीसारख्या रहा’ त्यानं हजारदा म्हटलेलं होतं, दोन बायका समोर आल्या की तोंडातून आपसूक निघायचं. आता जर सांगितलं की चौकट रिकामी होती, तर मग हिच्या खांद्यावरचा तो हात काय म्हणून राहील? एका ठगाच्या बतावणीपायी ठेवलेला हात. त्यापेक्षा न सांगणंच बरं, हिच्याच भल्याचं. हे कारण त्याला फारच पटकन सापडलं, इतक्या पटकन की त्याची त्यालाच शिसारी आली. तरी तो गप्प राहिला.

मग तिचं बोट कापलं. तिनं ते तोंडात घातलं, थुंकली, आणि दुसऱ्या हातानं पुढचा तुकडा उचलला. ते मात्र त्याला बघवेना. तो म्हणाला, बाई, उठा, मला आठवलं. ती प्लेट ढिगात नाही. तिचे तुकडे मी वेगळे ठेवले होते, कपाटात कुठं तरी. शोधावे लागतील. पुढच्या बुधवारी या.

“ठेवले होते ना?” ती उठली. तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की जलालुद्दीननं नजर खाली घातली. “मले वाटलंच. असा फोटू कोनी फेकते का? मी येतो बुधवारी.”

ती गेली आणि जलालुद्दीनच्या अंगावर आठ दिवस येऊन पडले. पहिले दोन दिवस त्यानं गुणवंतरावांच्या लग्नाच्या प्लेटी उजेडाला धरून पाहिल्या. सहा होत्या. नवरानवरीची, वऱ्हाडाची, व्याह्यांची. बायकांच्या पंगतीची एक होती, तिच्यावर भिंग धरून त्यानं भागीरथा शोधून काढली. पानावर वाकलेली, घास तोंडाशी. रंभा कुठंच नव्हती. फक्त भागीरथेच्या पानावर कडेनं एक हात आला होता, वरण वाढणारा, बांगड्या कोपरापर्यंत चढलेल्या, आणि त्या हाताचं माणूस काचेच्या बाहेर राहिलं होतं. तो रंभाचा असेल किंवा आणखी कुणाचाही. ज्यांचे फोटो खाली मारलेले असे किती लोक असतील ह्याचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता. आता तो आपोआप होऊ लागला. सिरोंच्याचा तो कोळी म्हातारा, जाळं खांद्यावर घेऊन उभा राहिलेला. नागभीडच्या स्टेशनवरचा हमाल. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली, नवसाची पोरं, आणि मिठाईची थाळी हातात घेऊन दोन मिनिटं थांबलेला आचारी. सगळे दम रोखून उभे, सगळे हसरे. त्यांतले किती मेले असतील. त्यांच्या घरच्यांनी मनाला बजावलं असेल की असू दे, चांद्याला एक फोटो आहे. गावोगावच्या घरांत आपल्या नावावर एक एक भिंत रिकामी आहे असं त्याला वाटे.

तिसऱ्या दिवसापासून त्यानं त्या दोघींच्या जागी खपेल अशी दोन बायकांची प्लेट शोधायला घेतली. चांद्यात दोन बायका दुकानात येऊन फोटो काढत नाहीत. बाई येते ती खुर्चीवरच्या नवऱ्यामागं उभं राहायला. शिवाय जुन्या प्लेटींवरची चित्रं तो धुऊन काढी आणि काच फ्रेमवाल्याला देऊन टाकी. त्यामुळे लोकांच्या फोटोंवर लागलेल्या काचा ह्या दुसऱ्या लोकांच्या प्लेटी होत्या. हे त्याला पूर्वी गमतीचं वाटे. कपाट रिकामं झालं तरी पाहिजे ती प्लेट मिळेना, आणि खरं म्हणजे तो ती मिळू नये म्हणूनच शोधत होता, कारण ती कुठं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटीत, हाजराच्या शालीत गुंडाळलेली.

हाजरा कधी कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. फोटोवाल्याची बायको, पण फोटो नाही. तो एकदा म्हणाला होता, चल, तुझा एक काढतो. तर म्हणाली, “तुम सच्ची लेते कि खाली, मेरे को क्या मालूम?” हसत म्हणाली, पण उभी राहिली नाही. नंतर एका ईदेला तिची थोरली बहीण शहजादी राजुऱ्याहून आली आणि हट्टच धरून बसली. तेव्हा हाजरा उठली, काळ्या खोलीत गेली, आणि आपल्या हातानं चौकटीत प्लेट भरून घेऊन आली. बाहेर येऊन चौकट तिनं कानाशी हलवून पाहिली. मग त्याच्या हातात दिली आणि अंगणात बहिणीशेजारी जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि आपण होऊन एक हात शहजादीच्या खांद्यावर ठेवला. कमरेपर्यंतच घेतल्या होत्या दोघी. त्याच्या साऱ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं काम. पण कागदावर छापू नका म्हणाली, अम्मीला आवडणार नाही, काचेतच राहू दे. अम्मी गेली, मागून दोन वर्षांत हाजराही गेली, तरी त्यानं ती छापली नाही. छापली की ती भिंतीवर लागेल, लोक बघतील, धूळ बसेल. काचेत ती होती तशी होती. वर्षातून एकदा, ईदेला, तो प्लेट खिडकीशी धरायचा. आणि धाकटीनं मोठीच्या खांद्यावर हात ठेवायचा हे जे तो मांडवामांडवांतून सांगत फिरत होता, ते कुठून आलं होतं हेही त्याला ह्या आठ दिवसांतच कळलं. हाजराचा हात तो रिकाम्या चौकटीसमोर गावोगावच्या बायकांना ठेवायला लावत होता.

मंगळवारी दुपारी त्यानं पेटी उघडली. त्याला अजूनही वाटत होतं की काही तरी दुसरं सुचेल. नुसती प्लेटच देता आली असती, अख्खी. पण फुटली असं सांगून बसला होता. आणि अख्खी दिली तर ती छापून मागेल, आणि छापली की काळं ते गोरं होईल, रंभा आणि हाजरा वेगळ्या होतील. म्हणजे फोडायलाच हवी होती. एका खोटेपणाला निभावून न्यायला हे एवढंच खरं त्याच्या घरात शिल्लक होतं. त्यानं प्लेट शालीतच ठेवली, शाल उंबऱ्यावर ठेवली, आणि वरून वरवंटा हलक्या हातानं आपटला. आवाजही फारसा झाला नाही. एखाद्यानं आत सुपारी फोडावी एवढा. शाल उलगडली तेव्हा सात तुकडे होते. शहजादी चार तुकड्यांत गेली होती. हाजराचा खांदा आणि तो हात एका तुकड्यावर, पदर एकावर. आणि तिचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कुठं ओरखडाही न उठता, एका तळहाताएवढ्या तुकड्यावर पूर्ण राहिला होता. जलालुद्दीन उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. ती मेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा माणसं होती भोवती.

बुधवारी भागीरथा आली. ह्या वेळी तिनं पिशवीत एक स्वच्छ धुतलेलं फडकं आणलं होतं, आणि त्याच्यासाठी पायलीभर नवा तांदूळ. जलालुद्दीननं टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर तुकडे ठेवले. तिनं हात पुसले. मग एक एक तुकडा दोन बोटांत धरून, काठाला काठ लावून, ती जोडू लागली. पहिल्यांदा तिनं हाताचा तुकडा उचलला, खिडकीकडे धरला, आणि लगेच म्हणाली, “हो. हाच तो. रंभाचाच हात हाये.” मग शहजादीचा चेहरा जुळत आला तेव्हा थांबली. “हे मी?”

“हो,” जलालुद्दीन म्हणाला.

“असंन. मले माह्यं तोंड कुठी ठाऊक हाये? आरशापुढं उभं राहाले सवड कोनाले भेटते.” आणि तिची दोन बोटं त्या परक्या गालावरून हळूच फिरली. मग पदराचा तुकडा लावला. मग कागदावर इकडे तिकडे पाहिलं, कागद उचलून त्याखाली पाहिलं, आणि म्हणाली, “भाऊ, एक तुकडा कमी हाये.”

तो कमीजच्या वरच्या खिशात होता. सकाळीच त्यानं तो तिथं ठेवला होता, आणि एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते त्यानं म्हटलं. “तेवढा सापडला नाही बाई. खूप शोधला.”

“तोंडाचाच हाये जी तो. रंभाच्या.”

“काय करणार. काचेची चीज.”

ती त्यावर रडली असती, रागावली असती, तर त्याला सोसलं असतं. तिनं फक्त जोडलेले सहा तुकडे हलू नयेत म्हणून त्यांच्यावर अलगद फडकं पांघरलं, उठली, पदर खोचला, आणि मागच्या दाराकडे निघाली. “मी पाह्यतो ढिगात,” ती म्हणाली. “तुमच्या नजरंतून सुटला असन. आज नाई सापडला तं पुढच्या बुधवारी येतो. मले काम नाई आता, उन्हाळ्यालोक.” तिच्या बोटावरची मागची जखम अजून पुरती भरली नव्हती. जलालुद्दीनला तो ढीग दिसला, तिच्यासमोरचे सगळे बुधवार दिसले, आणि हजारो लोकांच्या काळ्या तोंडांतून एक तोंड शोधत बसलेली ही बाई. त्याच्या खिशातला तुकडा छातीला टोचत होता.

“थांबा,” तो म्हणाला. खिशात हात घातला. “हा घ्या. खिशातच राहिला होता.”

खिशात का राहिला असं तिनं विचारलं नाही. तुकडा घेऊन ती खिडकीशी गेली आणि दोन्ही हातांनी तो उजेडाला धरून उभी राहिली. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. तो मोजत होता की काय कोण जाणे. त्याच्या ओठांवर आकडे येत होते आणि कितीवर थांबायचं ते आठवत नव्हतं. ती काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणेल, ही कोण? ही रंभा नोहे. आणि म्हणू दे, असंही त्याला वाटलं. एकदा कुणीतरी म्हणू दे.

“केस पांढरे दिसून राह्यले,” ती म्हणाली.

“उलटं असतं बाई काचेवर. मी…”

“ठाऊक हाये जी. तुमी सांगतलं होतं.” मग तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “म्हातारी झाली असती तं अशीच दिसली असती. नाई का, भाऊ?”

तिच्या हातांच्या मधे, उजेडात, हाजरा होती. पदराखालून पांढरे शुभ्र केस, काळवंडलेला शांत चेहरा. इतक्या ईदांना त्यानं तिला पाहिलं होतं आणि हे त्याला दिसलं नव्हतं. तिसाव्या वर्षी गेलेली बाई काचेत म्हातारी होऊन बसली होती.

“हो,” तो म्हणाला. “अशीच दिसली असती.”

तिनं सातही तुकडे फडक्यात बांधले, कडा हाताला लागू नयेत म्हणून वरून आणखी एक घडी घातली. पोरगी मोठी झाली की दाखवीन म्हणाली, तवर उंच ठेवीन, काच हाये. दारात जाऊन वळली. “पोरीच्या लग्नाले तुमालेच बोलावीन, भाऊ. तुमच्या हाताले देव लय बरकत देवो. तुमी हात ठेवाले सांगतला नसता तं ते तशीच मेली असती, माह्याशी न बोलता.” मग ती जटपुरा दरवाज्याच्या बाजूनं धुळीत दिसेनाशी झाली. तिचा तांदूळ टेबलावर होता. तो शिजवून खाणं आपल्याला ह्या जन्मी जमणार नाही हे जलालुद्दीनला ठाऊक होतं, आणि टाकूनही देता येणार नाही हेही.

दुपारनंतर एक जोडपं आलं, नवं लग्न झालेलं, मूल गावाकडचं. जलालुद्दीननं त्यांना रंगवलेल्या तळ्याच्या पडद्यासमोर उभं केलं. जवळ सरका म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. काळ्या खोलीत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं प्लेट भरली, ती बोटांनी चाचपून पाहिली, बाहेर आला, चौकट कॅमेऱ्यात सरकवली. मग बाहेर काढली. कानाशी नेऊन हलवली. आत काच खडखडली, होती. त्यानं चौकट पुन्हा सरकवली, टोपीला हात लावला, आणि हात मागं घेऊन चौकट पुन्हा बाहेर काढली, पुन्हा कानाशी धरली. काच वाजत होती, त्याला ऐकू येत होती, आणि तरी त्याला ते खरं वाटेना. समोर ती दोघं खांद्याला खांदा लावून, डोळे ताणून, केव्हाची दम रोखून उभी होती.

“भाऊ,” ओठ न हलवता नवऱ्यानं विचारलं, “काढला का जी?”